एकेचाळीस किलोमीटर

शनिवार, ९ नोव्हेंबर

तुला,

'प्रिय' लिहायला गेलो तर म्हणशील, आत्ता बरं आठवलं. म्हणून नुसतंच 'तुला'.

फोन केला की ताई उचलतात आणि तू अंघोळीला गेली आहेस असं सांगतात. पाच दिवसांत अकरा फोन केले, म्हणजे अकरा अंघोळी झाल्या. तुझ्या बहिणीकडे चोवीस तास गरम पाणी असतं हे कबूल, पण इतकं काही बरं नाही. हा विनोद होता. आवडला नसेल तर खोडला असं समज.

तेव्हा आता पत्र. लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि हे माझं तुला पहिलं पत्र, कारण तू कधी इतकी लांब गेलीच नाहीस. दुकानात बसून लिहितोय. समोर एका गाडीचं मागचं सीट उसवून ठेवलंय, फोम बाहेर आलाय, रेक्झीन अजून कापलेलं नाही आणि गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. सांगितलं, दोरा संपलाय. दोरा आहे, पण हाताला शिवण लागत नाहीये.

ताईंना तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही. 'नवऱ्याने पेट्रोल पंपावर टाकून दिलं' असं सांगितलं असशील तर ते अगदीच खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. म्हणून माझी बाजू क्रमाने लिहितो. वाटलं तर त्यांनाही वाचून दाखव.

रविवारी सकाळी लॉजवरून निघालो तेव्हा तू फुरंगटलेली होतीस. आदल्या संध्याकाळी मी थट्टेत काहीतरी बोललो होतो, ते तुला लागलं. गाडी सुरू करतोय तोवर तू म्हणालीस, "अहो, मला कुठेतरी उतरवा. मी माझी जाईन." चारचौघांत तू मला 'अहो' म्हणतेस आणि गाडीत 'तू' म्हणतेस. गाडीत 'अहो' आलं म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं मला कळतं. म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं आणि आपला अबोला सुरू झाला.

आता अबोल्याचा नियम कोणाचा? तुझाच. पहिल्या प्रवासात आपण एका फाट्यावरून असे भांडलो की पुढचे तीन फाटे चुकलो आणि एका दगडाच्या खाणीत जाऊन पोचलो. तेव्हा तूच ठरवलंस, भांडण झालं की वीस किलोमीटर कोणी कोणाशी बोलायचं नाही, आणि वीस झाले की जो गाडी चालवत असेल त्याने आधी बोलायचं. इतकी वर्षं हा नियम आपण पाळला. त्या नियमानेच घात केला.

नऊ किलोमीटर गेल्यावर पंप लागला. तू मागे आडवी झाली होतीस, मी तुझ्यासाठी शिवलेल्या गादीवर, पडदा ओढून. मी पेट्रोल भरलं, आत पैसे द्यायला गेलो, तिथल्या माणसाला सुटे सापडेनात. बाहेर आलो, चावी फिरवली, निघालो. तेवढ्या वेळात तू बाथरूमला गेली होतीस, हे मला कसं कळणार? एरवी मी हाक मारली असती. पण जिथे बोलायचंच नाही तिथे माणूस आहे की नाही, हे कळायचं कसं?

परत आलो तेव्हा तू पंपाजवळच्या बाकावर बसली होतीस. पुढचं दार उघडून बसलीस आणि एवढंच विचारलंस, "कधी कळलं?" मी सांगितलं, पाच-सहा किलोमीटरवर. रस्ता अरुंद, वळायला जागा नाही, फोनला रेंज नाही, म्हणून उशीर झाला. घरी येईपर्यंत तू बोलली नाहीस आणि सोमवारी सकाळच्या बसने ताईंकडे गेलीस. दोन आठवड्यांची रजा टाकलीस म्हणे, हेही मला दवाखान्यातून कळलं.

तिथली खबर अशी की एक्सरेच्या खोलीत तुझ्या जागी बसवलेली मुलगी पेशंटला 'श्वास रोखा' म्हणते आणि 'सोडा' म्हणायला विसरते. एक आजोबा लाल होऊन बाहेर आले. तू लवकर ये, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे.

म्हैस अंगणात उभी आहे. तिला धुतली. आपल्या गाडीला म्हैस म्हणू नकोस असं तू कितीदा सांगितलंस, पण रस्त्याच्या मधोमध थांबून जी हलत नाही तिला दुसरं काय म्हणायचं?

झालं ते अनवधानाने झालं. माफ कर आणि ये.

तुझाच

&nbsp;

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

तुला,

उत्तर आलं नाही. ताईंनी फोनवर एवढंच सांगितलं की पत्र पोचलं आणि तू ते दोनदा वाचलंस. 'हसली का?' विचारलं तर म्हणाल्या, 'नाही.'

काल गाडी पुसताना कप्प्यात तुझी प्रवासाची वही सापडली. प्रत्येक पंपावर तू गाडीचे किलोमीटर लिहितेस, पुढे रस्ता कसा होता ते दोन शब्दांत. 'खड्डे, पण झाडं.' 'कालवा, बगळे.' 'चुकलो, छान झालं.' मी ती वही आजवर नीट वाचली नव्हती. दुकान उघडायचं सोडून तासभर वाचत बसलो. त्या रविवारी पंपावर पोचल्यावरचा आकडा तू लिहिला आहेस. मी परत येऊन तुला घेतलं तेव्हाचा आकडाही लिहिला आहेस. दोन्हींची वजाबाकी करून पेन्सिलीने गोल केला आहेस. ब्याऐंशी. रस्त्याबद्दल दोन शब्द लिहिलेले नाहीत.

म्हणजे एकेचाळीस जायला आणि एकेचाळीस यायला. म्हणजे मी 'पाच-सहा' म्हणालो त्याच मिनिटाला तुला कळलं होतं. माणसाच्या आतलं बघायची तुझी नोकरीच आहे, तिथे माझं काय चालणार? हात टेकले. एकेचाळीस खरे आहेत. लाज वाटली म्हणून कमी सांगितले.

आता जसं झालं तसं सांगतो.

लॉजपासूनचे नऊ धरून वीस किलोमीटर होईपर्यंत मी गप्प होतो, नियमाप्रमाणे. वीस झाल्यावर बोलायची पाळी माझी. मागे पडदा बंद. मी पडद्याशी बोलायला लागलो. म्हटलं, काल लॉजवर बोललो ते चुकलं. तू गप्प. म्हटलं, अजून राग आहे, असू दे. मग मी आपल्या पहिल्या प्रवासाची गोष्ट काढली. हातात पैसे नाहीत, गाडी कर्जाची, तंबू मी जुन्या सीटकव्हरांचा शिवलेला. पाऊस आला आणि तंबूचे सगळे रंग तुझ्या अंगावर उतरले. तू आरशात बघून इतकी हसलीस की मला वाटलं, आता हिच्याबरोबर कुठेही राहता येईल. तेव्हाच सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून पडद्याला सांगितलं.

मग म्हटलं, त्या धान्याच्या गोदामाचा चौकीदार आठवतो का, ज्याने आपल्याला पळून आलेलं जोडपं समजून सकाळी दूध आणून दिलं होतं? आपण तेव्हा चाळिशीत होतो. तू मला त्याला खरं सांगू दिलं नाहीस. म्हणालीस, एवढ्या प्रेमाने दूध दिलंय, कशाला त्याचा हिरमोड करायचा. मग मी तुझ्या नकाशाबद्दल बोललो. तू बोटाने रस्ता दाखवतेस आणि बोट बरोबर गावाच्या नावावर ठेवतेस, त्यामुळे गावाचं नाव कधीच दिसत नाही. आणि मी ते कधी बोललो नाही, कारण तुझं बोट बघायला आवडतं.

असं तीस किलोमीटर. पुढे रेल्वेचं फाटक लागलं, बंद होतं. बाजूला चहाची टपरी. मी विचारलं, चहा? उत्तर नाही. रागात तू माझ्याशी बोलत नाहीस हे ठीक, पण चहाला तू आजवर कधी नाही म्हटलेलं नाहीस. पडदा ओढला तर मागे कोणी नाही. तसाच वळलो.

हे असं आहे. मूर्खपणा आहे, पण यात मन वाईट नाही, एवढं तरी तुला दिसेल.

थंडी पडायला लागली आहे. तुझा राखाडी स्वेटर पाठवू का?

तुझाच

&nbsp;

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पडदा बंद नव्हता. उतरताना मी तो उघडून हुकाला अडकवला होता. तुझ्या आरशातून अख्खी गादी दिसते.

कधी कळलं?

स्वेटर नको.

&nbsp;

गुरुवार, २१ नोव्हेंबर

तुझं कार्ड आज दुपारी आलं. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून बसलो आहे.

मागच्या पत्रातली पडद्याची गोष्ट खोटी आहे. गाडीत मी एक शब्दही बोललो नाही. ते सगळं मी इथे, दुकानात, त्या उसवलेल्या सीटसमोर बसून बोललो, तू गेल्यानंतर. रंग, दूध, तुझं बोट, हे सगळं खरं आहे. फक्त ते बोललो तेव्हा तू मागे असशील असं मला वाटत नव्हतं. तू नाहीस हे माहीत होतं.

लॉजपासून सांगतो, कारण पहिल्या पत्रात मी ते 'थट्टेत काहीतरी' असं गुंडाळलं. मालकाने दोन खोल्या दाखवल्या. एक आपली नेहमीसारखी, दुसरी गरम पाण्याची, थोडी महाग. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, आज ही घेऊ या का? काउंटरला टेकून चार ट्रकवाले उभे होते. मी मोठ्याने म्हणालो, "आमच्या राणीसाहेबांना या वयात राजवाडा लागतो बघा. इतकी वर्षं बादलीभर थंड पाण्यात भागलं, आता म्हणे हाडं बोलतात!" सगळे हसले. मालक हसला. तूही हसलीस. ते हसणं मी बघितलं आणि तरी साधी खोली घेतली.

आठवडाभर शिशाचा एप्रन घालून तुझे खांदे भरून येतात, हे मला माहीत होतं. रोज मीच चोळून देतो. पैसेही खिशात होते. पण कमी पैशात फिरतो याचा मला कसला गर्व आहे कोण जाणे. चार परक्या माणसांपुढे तो मिरवायचा होता, आणि त्यासाठी तुझी हाडं वापरली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पंप सोडल्यावर पहिल्याच वळणावर कळलं. दीड किलोमीटरही झाला नसेल. आरशात बघितलं तर गादी, उशी, तुझी घडी केलेली चादर. तू नाहीस आणि तुझी निळी बॅगही नाही. तू चुकून पंपावर राहिली असशील, असं माझ्या मनात आलंच नाही. मला वाटलं, उतरली. म्हणाली होती तशी उतरली, मला सोडून गेली.

त्या वळणावर लाकडाची वखार आहे. तिच्यासमोर ट्रक वळेल एवढी जागा आहे. फोनला रेंजही होती. मी वळलो नाही, फोन लावला नाही. परत आलो असतो आणि तू तोंडावर म्हणाली असतीस की हो, मुद्दाम उतरले, तर मी काय केलं असतं? त्यापेक्षा पुढे जात राहणं सोपं वाटलं. मी भित्रा आहे. विनोद करत राहतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि मूर्खपणा बघ, मी अबोलाही पाळला. गाडीत एकटा आणि लॉजपासूनचे किलोमीटर मोजतोय. वीस झाले तेव्हा बोलायची पाळी माझी होती आणि बोलायला कोणी नव्हतं. तिथे गाडी कडेला घेतली आणि रडलो. चांगला रडलो. एक सायकलवाला थांबून विचारून गेला, गाडी बंद पडली का म्हणून. मी हो म्हटलं.

त्यानंतरही वळलो नाही. आणखी तीस किलोमीटर पुढेच गेलो. फाटकाशी ब्रेक दाबला तेव्हा समोरच्या फळीवरून तुझा चष्मा घसरून माझ्या मांडीवर पडला. माझ्या मनात पहिलं आलं ते हे की बसची पाटी हिला वाचता येणार नाही. ही भलत्याच बसमध्ये चढेल, कुठल्या कुठे जाईल, आणि कोणाला विचारायचीही नाही. जायचंच असेल तर निदान नीट जाऊ दे. म्हणून वळलो.

म्हणजे मी तुला परत आणायला आलो नव्हतो, चष्मा द्यायला आलो होतो. तू बाकावर दिसलीस, उठून आलीस, पुढचं दार उघडून बसलीस. तेव्हा मला वाटलं, अरे, ही तर चुकून राहिली होती! जीव असा भांड्यात पडला की तू विचारल्याबरोबर तोंडातून खोटं निघून गेलं. खरं सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं, की तू मला सोडून जाशील हे मी दीड किलोमीटरात मान्य केलं आणि तुला आणायला हातपाय हलवले नाहीत.

कळलं लगेच. वळलो उशिरा. तू बाथरूमला गेली होतीस आणि मी तुझ्यावर असला संशय घेतला. याची माफी कशी मागायची ते मला येत नाही.

तू ये किंवा येऊ नकोस, हे मी म्हणणार नाही. ये, असंच म्हणतो. मला तुझ्यावाचून करमत नाही. दुकानात नाही, घरात नाही, आणि म्हशीत तर मी त्या दिवसापासून बसलेलोच नाही.

&nbsp;

सोमवार, २५ नोव्हेंबर

तुझी तिन्ही पत्रं ताईने वाचली. तूच परवानगी दिली होतीस. पहिलं वाचून म्हणाली, हा माणूस सुधारायचा नाही. दुसरं वाचून हसली आणि मला म्हणाली, जा आता. मी म्हटलं, थांब, हे खोटं आहे. तिसरं वाचून तिने घडी घालून माझ्या हातात दिलं आणि आत निघून गेली.

अकरा अंघोळींचं म्हणशील तर त्यातल्या चार खऱ्या होत्या.

माझी रजा संपली आहे, वाढवून घेतली. शनिवारी दहाच्या आत ये. घरी परत जायचं नाही, इथूनच पुढे निघू. नदीच्या कडेने एक रस्ता जातो, ताईच्या नवऱ्याने दाखवला. नकाशात तो फार बारीक आहे. संध्याकाळी जिथे पोचू तिथे गरम पाण्याची खोली घ्यायची आणि काउंटरवर मी बोलणार. तू बॅगा उचलायच्या आणि तोंड बंद ठेवायचं. लोक हसले की तूही हसतोस, मग तुला थांबता येत नाही, हे मला आता कळलं आहे. त्या दिवशी मला फार लागलं होतं. खांद्यांपेक्षा जास्त.

त्या सीटला दोरा लाव आणि ते देऊन टाक. कोणाची गाडी इतके दिवस उघडी ठेवू नये.

आता माझं.

तू लिहितोस, 'तू चुकून राहिलीस आणि मी संशय घेतला.' अरे, बाथरूमला जायला कपड्यांची बॅग कोण नेतं? मी राहिले नव्हते. उतरले होते. तू पैसे द्यायला आत गेलास तेव्हा पडदा हुकाला लावला, बॅग घेतली आणि पंपाच्या खोलीमागच्या भिंतीआड उभी राहिले. तू आलास, गाडी सुरू केलीस. रस्त्यावरून पाइप भरलेला ट्रक जात होता, तो जाईपर्यंत पंपाच्या तोंडाशी थांबलास. तेवढ्या वेळात हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मारली नाही. फोनही हातातच होता.

म्हणून मी 'कधी कळलं' विचारत होते. तू खरं सांगितलं असतंस तर त्याच मिनिटाला मीही सांगितलं असतं. तू पाच-सहा म्हणालास, मी किलोमीटरकडे बघितलं आणि मला वाटलं, याला तर मी नसल्याचा पत्ताच नव्हता. मी एवढं उतरून गेले आणि याला एकेचाळीस किलोमीटर कळलंच नाही. त्याचा राग आला, म्हणून इथे आले. तुला कळलं होतं आणि तू रडलास, हे वाचून मला बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं.

पंपासमोर बसचा थांबा आहे, तिथल्याच बाकावर बसले होते. अर्ध्या तासाने बस आली. चष्मा नव्हता, पाटी दिसली नाही म्हणून बस गेली, असं मी ताईला सांगितलं होतं. तसं झालं नाही. शेजारी एक बाई बसली होती, तिने पाटी मोठ्याने वाचली. ताईच्याच गावची बस होती. बसमध्ये जागाही होती. तू तेव्हा माझ्यापासून लांब लांब चालला होतास, हे मला कळत नव्हतं असं नाही. तू वळशील याची खात्रीही नव्हती. कंडक्टर दार धरून उभा राहिला. म्हणाला, "बाई, चढताय ना?"

मी म्हटलं, "नाही हो, तुम्ही निघा. आमचे हे येतायत." आणि बॅग पायाशी ठेवून दीड तास तिथेच बसून राहिले.